क्वीन ॲन्थुरियम

क्वीन ॲन्थुरियम (शास्त्रीय नाव: ॲन्थुरियम वारोकेआनम) ही अळू व सुरण यांच्या कुलातील (ॲरेसी) एक सदाहरित उष्णकटिबंधीय वनस्पती आहे. ती मूळची कोलंबिया देशातील असून लांब, मखमली पानांसाठी घरात वाढवली जाते. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस मूर यांनी १८७८ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. जातिवाचक नाव वारोके या बेल्जियन आडनावावरून आले आहे.

वर्णन

ही अपिवनस्पती आहे. ती झाडांच्या खोडांवर आधारापुरती वाढते, त्यांच्यातून अन्नरस शोषत नाही. पाने खाली लोंबणारी, गडद हिरवी व फिकट शिरांची असतात. अनुकूल परिस्थितीत त्यांची लांबी १ मीटरहून अधिक भरते. पृष्ठभागावरील पेशी बाहेरून किंचित फुगीर असल्याने पान मखमलीसारखे दिसते. फुलदुकानांत मिळणाऱ्या लाल ॲन्थुरियमप्रमाणे हिचा महाछद आकर्षक नसतो. तो अरुंद व हिरवट असतो.

घरातील निगा

मूळ अधिवास असलेल्या वर्षावनात मुळांना ओलावा व हवा दोन्ही सतत मिळतात. घरातही हाच समतोल साधावा लागतो. मुळांवर वेलामेन नावाचा सच्छिद्र थर असतो. तो पाणी चटकन शोषतो, परंतु साचलेल्या पाण्यात मुळे कुजतात. म्हणून बागेतील चिकणमाती वापरत नाहीत. झाडाच्या सालीचे तुकडे, परलाइट, लोणारी कोळसा व स्फॅग्नम शेवाळ यांचे भुसभुशीत मिश्रण वापरतात. मिश्रणाचा वरचा थर सुकू लागला की पाणी घालतात. ते पूर्ण कोरडे होऊ देत नाहीत. क्षारयुक्त पाण्याने पानांच्या कडा करपतात, त्यामुळे पावसाचे पाणी अधिक योग्य ठरते.

प्रकाश भरपूर, पण अप्रत्यक्ष असावा. दुपारच्या उन्हाने पाने भाजतात. १८ ते २८ अंश सेल्सियस तापमान मानवते. सुमारे ७० टक्के किंवा त्याहून अधिक सापेक्ष आर्द्रता लाभदायक ठरते. कोरड्या हवेत नवे पान उलगडताना अडकते व फाटते. कोकणातील पावसाळी हवा या वनस्पतीस मानवते. विदर्भातील उन्हाळा किंवा वातानुकूलित खोली मात्र प्रतिकूल ठरते. पानांवर पाणी फवारल्याने आर्द्रता थोडाच वेळ वाढते. आर्द्रक यंत्र किंवा काचेचे कपाट अधिक परिणामकारक असते. बंद, दमट जागेत हवा खेळती नसल्यास बुरशी व जिवाणूजन्य करपा यांचा धोका वाढतो. लाल कोळी व फुलकिडे या प्रमुख किडी होत. पानांची मागील बाजू नियमित तपासल्यास त्या लवकर आढळतात.

अभिवृद्धी

पेरे व मुळे असलेल्या खोडाच्या तुकड्यापासून नवे रोप तयार होते. केवळ पानापासून होत नाही. एकाच स्थूलकणिशावर स्त्री-अवस्था आधी व परागकण नंतर येत असल्याने बीजधारणेसाठी बहुधा दुसऱ्या फुलोऱ्याचे पराग हाताने लावावे लागतात. बी वाळल्यास त्याची उगवणक्षमता लवकर नष्ट होते, म्हणून ते ताजेच पेरतात.

विषारीपणा

पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळूमुळे घसा खवखवतो, त्याचे कारणही हेच स्फटिक होत. अळू शिजवून खातात, ही वनस्पती मात्र खाद्य नाही. मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून ती दूर ठेवावी.

संवर्धन

मागणी वाढली की जंगलातून रोपे उपटून विकण्याचा मोह वाढतो. अशी रोपे ओळखण्याची काही लक्षणे आहेत: कीटकांनी खाल्लेली जुनी पाने, तुटलेली मुळे व मुळांना चिकटलेली जंगली झाडांची साल. ती नव्या वातावरणात अनेकदा तग धरत नाहीत. परिणामी अधिवासातील एक झाड कमी होते आणि ग्राहकाच्या हातीही काही उरत नाही. बियांपासून किंवा ऊतिसंवर्धनाने रोपवाटिकेत तयार केलेली रोपे हा याला पर्याय आहे. परदेशातून रोप आणताना भारताच्या २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना व वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक असते.