मागच्या बाकापर्यंत
(परकी भाषा शिकताना : लेखांक ६)

परकी भाषा बोलताना जीभ का अडखळते, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज फळ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे वळू.

शनिवार-रविवारचा जर्मनचा वर्ग. मॅडम विचारतात, ‘वास माखन झी आम वोखनएंड?’ शनिवार-रविवारी काय करता? मागच्या बाकावरच्या मुलाच्या मनात उत्तर मराठीत तयार असतं. आता शब्द शोधायचे, त्यांचं लिंग आठवायचं, क्रियापद दुसऱ्या जागी आणून बसवायचं. तेवढ्यात पहिल्या बाकावरून उत्तर येतं. ‘झेअर गूट’ म्हणून मॅडम पुढे सरकतात. तो बोलणारच होता, हे कुणाच्या गावीही नसतं.

अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम सेकंदभर थांबतात असं दिसलं. हे १९७०च्या आसपासचं काम. ती वेळ तीन सेकंदांवर नेली, तर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. परक्या भाषेत तर तीन सेकंदही थोडेच.

थांबणं हाही शिक्षकाच्या वर्गात गुंतण्याचाच भाग. पण शिक्षकाचं गुंतणं म्हटलं की आपल्याला गाणी, खेळ, चित्रांची कार्डं आठवतात. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. काही शिक्षक इतके रंगतात की तासभर तेच बोलतात. मुलांचे प्रेक्षक होतात. गुंतणं दिसतं ते ऐकण्यात. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. मुलाचं चुकलेलं वाक्य स्वतःच बरोबर करून म्हणायचं, ही शिक्षकांची सर्वांत लाडकी पद्धत. मुलांकडून प्रतिसाद मात्र तिलाच सर्वांत कमी मिळत होता. ‘म्हणजे नेमकं काय?’ असं विचारून वाक्य मुलाकडेच परत दिलं, की ते स्वतः दुरुस्त करण्याची शक्यता वाढे. त्यात वेळ जातो, हे खरं.

आता यातली खोच. १९९३ साली एलन स्किनर आणि मायकल बेलमाँट यांनी १४ शिक्षक आणि त्यांच्याकडे शिकणारी तिसरी ते पाचवीची १४४ मुलं पाहिली. शिक्षक जीव लावतात तिथं मुलं रमतात, हे अपेक्षितच होतं. पण उलटंही दिसलं : आधीच रमलेल्या मुलांच्या वाट्याला शिक्षक जास्त येतात, मागे पडलेल्यांच्या कमी. ते भाषेचे वर्ग नव्हते. भाषेच्या वर्गात हे अधिक जाचत असावं, असं मला वाटतं. इतिहास घरी वाचून भरून काढता येतो. ऐकणारं माणूस घरी कुठून आणायचं?

मी जर्मन शिकत होतो त्या वर्गात गोव्यातल्या काणकोणची, कोकणी बोलणारी एक मुलगी होती, कायम गप्प. ‘मेडशेन’ म्हणजे मुलगी, आणि तो शब्द नपुंसकलिंगी, यावर आम्ही हसत होतो. बाईंनी तिला विचारलं, ‘तुमच्याकडे मुलीला काय म्हणतात?’

‘चेडूं.’

‘ती चेडूं की तें चेडूं?’

ती थांबली. बाईही थांबल्या. पहिल्या बाकावरून वर आलेला हात बाईंनी खुणेनंच खाली घ्यायला लावला.

‘तें,’ ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

त्या दिवशी ती आणखी तीनदा बोलली. दोनदा आर्टिकल चुकलं.