लॅक्सेनबुर्गचा सामाईक हिशेब

व्हिएन्नाच्या दक्षिणेला लॅक्सेनबुर्ग हे लहानसं गाव आहे. हॅब्सबर्ग राजघराण्याचा उन्हाळी मुक्काम तिथल्या राजवाड्यात असे. ऑस्ट्रियाने त्याची डागडुजी करून तो एका संशोधनसंस्थेला दिला आणि शीतयुद्धातल्या दोन्ही गोटांचे गणिती, अर्थतज्ज्ञ आणि अभियंते तिथे शेजारी शेजारी बसून काम करू लागले. ही ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर अप्लाइड सिस्टिम्स अ‍ॅनालिसिस’, थोडक्यात ईआसा.

संस्थेच्या पायाभरणीची वाटाघाट अनेक वर्षं चालली. अमेरिकेच्या बाजूने मॅकजॉर्ज बंडी, सोव्हिएत बाजूने पंतप्रधान कोसिगिन यांचे जावई जर्मेन ग्विशियानी. विषय ठरवणं त्यामानाने सोपं होतं, कारण ऊर्जा, पाणी आणि प्रदूषण यांची चिंता दोघांनाही होती. मोठी अडचण पूर्व जर्मनीची होती. अमेरिका आणि ब्रिटनने त्या देशाला तोवर मान्यताच दिली नव्हती, मग एका कागदावर सह्या करायच्या कशा? त्यावरचा तोडगा मला या संस्थेची सगळ्यात मोलाची गोष्ट वाटतो. सदस्यत्व सरकारांना न देता विज्ञान अकादम्या आणि तशाच संस्थांना द्यायचं ठरलं. ऑक्टोबर १९७२ मध्ये लंडनला रॉयल सोसायटीत बारा देशांतल्या संस्थांनी सह्या केल्या. पहिले संचालक हार्वर्डचे हॉवर्ड रायफा झाले, नियामक परिषदेचे अध्यक्ष ग्विशियानी. दोन्ही महासत्तांची वर्गणी सारखी, आणि इतरांपेक्षा जास्त.

या मांडणीची परीक्षा १९८२ साली झाली. हेरगिरीच्या संशयाचं वातावरण होतं आणि रेगन सरकारने हात आखडता घेतला. अमेरिकेची राष्ट्रीय विज्ञान अकादमी बाहेर पडली, ब्रिटनची रॉयल सोसायटीही. पण सदस्यत्व सरकारचं नव्हतंच. मॅसॅच्युसेट्समधल्या कला व विज्ञान अकादमीने अमेरिकेची रिकामी जागा घेतली आणि काम चालू राहिलं.

त्याच दशकात ईआसाने आम्लपावसाचं काम हाती घेतलं. एका देशातल्या कोळशाच्या धुरातलं गंधक वाऱ्याबरोबर सीमा ओलांडून जाई आणि स्कँडिनेव्हियातल्या तळ्यांमधले मासे मरत. सीमा ओलांडणाऱ्या या प्रदूषणावर १९७९ साली जिनिव्हात करार झाला, पण कोणी किती कपात करायची हा वाद उरलाच. १९८५ च्या हेलसिंकी करारात सगळ्यांना एकच माप लावलं गेलं: १९८० च्या तुलनेत गंधकाच्या उत्सर्जनात तीस टक्के घट. ज्याचा धूर संवेदनशील जंगलांवर जातो आणि ज्याचा समुद्रावर विरून जातो, त्या दोघांनाही तेच.

ईआसाचं ‘रेन्स’ हे संगणकीय प्रारूप इथे कामी आलं. कुठल्या देशातून किती धूर निघतो, वारा तो कुठे नेतो, तिथली माती किती आम्ल सोसते आणि कपातीला खर्च किती येतो, या चार गोष्टी त्यात एका साखळीत जोडल्या होत्या. प्रत्येक देशाच्या तज्ज्ञांनी आपापली आकडेवारी तपासायची, चूक दिसली तर सांगायची. एकदा आकडे सगळ्यांनी मान्य केले की भांडण आकड्यांवरून उठून मुद्द्यावर येई: किती जंगल वाचवायचं आणि त्यासाठी किती पैसे मोजायचे. १९९४ च्या ऑस्लो करारात देशागणिक वेगळी उद्दिष्टं ठरली, ती याच हिशेबाच्या आधारे. शास्त्रज्ञांनी निर्णय घेतला नाही. निर्णय मंत्र्यांनीच घेतला, पण हिशेबाची वही सगळ्यांसमोर एकच होती.

रेन्सचं पुढचं रूप ‘गेन्स’. त्यात हरितगृह वायूही आले. आशियासाठी ते तयार करताना दिल्लीची टेरी ही संस्था सोबत होती. भारताच्या वतीने ईआसाचं सदस्यत्व टायफॅक या सरकारी संस्थेकडे आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेतल्या संशोधकांबरोबर ईआसाने दिल्लीच्या हवेचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दिल्लीकरांच्या छातीत जाणाऱ्या सूक्ष्म कणांचा मोठा हिस्सा शहराबाहेरून येतो, त्यामुळे शेजारच्या राज्यांनी हातभार लावल्याशिवाय दिल्लीची हवा पुरेशी सुधारणार नाही, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे युरोपातल्या देशांपुढे होता तोच प्रश्न इथे राज्यांपुढे आहे. आणि हरियाणा, पंजाब, उत्तर प्रदेश आणि दिल्ली यांनी मिळून तपासलेली, चौघांनाही मान्य असलेली वही अजून व्हायची आहे.