दाब… धर… सोड!

दोस्तांनो, छत्रपती संभाजीनगरहून धुळ्याला गाडीने येताना कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला यावं लागतं. उतार लागला, की बाबांचा पाय ब्रेकवर जातो. पाय इथे आणि चाक तिथे! मग पायाचा जोर चाकापर्यंत पोचवतं कोण?

ब्रेक ऑईल! पेडल दाबलं, की हे तेल नळ्यांतून चाकांकडे जोर लावतं. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकातच सांगितलं होतं.

करून बघायचंय? सुई नसलेल्या दोन नव्या सिरींज पाण्याने भरा आणि पातळ नळीने जोडा. एक दट्टा अंगठ्याने अडवून दुसरा दाबा. जोर लगेच अंगठ्याला जाणवेल. आता नळीत हवेचा मोठा बुडबुडा ठेवून दाबा. दट्टा खुशाल आत जातो, कारण आधी हवाच दबते! गाडीत असं झालं, तर पेडल खाली जाईल, पण गाडी नीट थांबणार नाही.

गाडीखालची ब्रेकची नळी धातूची असते. पण चाक वळतं, वरखाली होतं, म्हणून शेवटचा तुकडा रबराचा. जुनं रबर तडकतं, दाबाने फुगतं. काही हौशी मंडळी त्याजागी टेफ्लॉनची, वरून स्टीलच्या तारांनी विणलेली नळी घरीच बसवतात. ती फारशी फुगत नाही, पेडल घट्ट लागतं. मात्र गाडी एकदम निम्म्या अंतरात थांबेल, असं समजू नका. रस्त्यावरची पकड शेवटी टायरचीच!

खरं अवघड काम पुढेच. नळी काढली, की आत हवा शिरते. ती काढायला दोन मोठी माणसं लागतात. एकजण म्हणतो, ‘दाब… धर!’ दुसरा पेडल दाबून ठेवतो. पहिला चाकाजवळचं निप्पल सैल करतो, बुडबुडे तेलासोबत बाहेर येतात. निप्पल पुन्हा घट्ट केल्यावरच ‘सोड!’ क्रम चुकला, तर हवा परत आत. म्हणून सवय नसेल, तर हे काम मेकॅनिककाकांचंच.

नळी नवी आणि तेल जुनं, असंही चालत नाही. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ जातीचं ताजं तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला, की ही हद्द १५५ पर्यंत उतरू शकते. घाटात ब्रेक तापले, की त्यात वाफ होते. वाफ म्हणजे पुन्हा बुडबुडाच!

४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरला ब्रेक निकामी झालेला ट्रक हॉटेलात घुसला. अनेकांचे जीव गेले. मोठ्या ट्रकचे ब्रेक तेलावर नव्हे, दाबलेल्या हवेवर चालतात. पण उतार कुणालाच माफ करत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी घाटात जाण्याआधी बाबांना नक्की विचारा, “ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं हो?”