मोटारसायकलच्या पुढील ब्रेक डिस्कचा वाकडेपणा

मोटारसायकलच्या पुढील चाकावरील ब्रेक डिस्क आपल्या समतलातून किंचित बाजूला झुकून फिरू लागली, म्हणजे ब्रेक लावताना लिव्हरवर आणि हँडलवर ठरावीक लयीत धक्के जाणवतात. या दोषाला बोलीभाषेत ‘डिस्क आउट होणे’ किंवा ‘डिस्क बेंड होणे’ असे म्हणतात. तथापि, असे धक्के देणारी प्रत्येक डिस्क वाकलेली असतेच असे नाही. डिस्कच्या जाडीतील असमानता, तिच्यावर चिकटलेला पॅडचा थर, अडकलेला कॅलिपर किंवा झिजलेले बेअरिंग यांमुळेही जवळजवळ तशीच लक्षणे दिसतात. त्यामुळे या दोषाचे खात्रीशीर निदान केवळ जाणिवेवरून होत नाही, ते मोजमापानेच करावे लागते. ब्रेक लावताच वाहनाचा भार पुढील चाकाकडे सरकतो व थांबवण्याचे बहुतांश काम पुढील ब्रेक करतो. म्हणून चुकीच्या निदानाने डिस्कचा खर्च वाया जातो आणि मूळ धोकाही तसाच राहतो.

रचना व कार्य

१९६९ साली आलेल्या होंडा सीबी ७५० या मोटारसायकलीनंतर पुढील चाकावरील हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचा मोठ्या प्रमाणावर प्रसार झाला. या रचनेत चाकाच्या हबला बोल्टांनी जोडलेली पोलादी डिस्क चाकाबरोबर फिरते. लिव्हर दाबल्यावर ब्रेक तेलाचा दाब कॅलिपरमधील दट्ट्याला ढकलतो आणि दोन्ही बाजूंचे पॅड डिस्कला आवळतात. लहान मोटारसायकलींत बहुधा सरकता कॅलिपर असतो. त्याचा दट्ट्या एकाच बाजूला असून संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवर आडवा सरकतो. पिना मोकळ्या असतील, तर डिस्कचे थोडेसे डोलणे कॅलिपर सामावून घेतो.

लयीत धक्के बसण्याचे प्रमुख कारण म्हणजे जाडीतील असमानता होय. जाड भाग पॅडांमधून जाताना दट्ट्या मागे ढकलला जातो, पातळ भाग येताच तो पुढे येतो आणि ही हालचाल तेलामार्फत लिव्हरपर्यंत पोहोचते. वाकडेपणा व असमान जाडी यांचा परस्परसंबंधही आहे. डोलणाऱ्या डिस्कचा बाहेर आलेला भाग ब्रेक लावलेला नसतानाही प्रत्येक फेरीत पॅडला घासतो, त्या ठिकाणी अधिक झिजतो आणि कालांतराने तेथे जाडी कमी होते. म्हणूनच डिस्क बसवल्यानंतर बऱ्याच अंतराने हा त्रास सुरू होऊ शकतो.

कारणे

* वाहन पडणे, आपटणे किंवा डिस्कवर जोराचा आघात होणे. डिस्कला लावलेले कुलूप न काढता वाहन पुढे नेणे.
* हब व डिस्क यांच्यामध्ये गंज, माती किंवा जुन्या चिकट पदार्थाचा थर राहणे.
* डिस्कचे बोल्ट कमीअधिक ताणाने आवळणे.
* घाटात सतत ब्रेक धरल्याने किंवा दट्ट्या अडकल्याने डिस्क अतिशय तापणे.
* तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून धरल्याने तेथे पॅडचा थर उमटणे. येथे डिस्क सरळच असते. मात्र त्या जागी घर्षण वेगळे होते.

लक्षणांतील भेद

डिस्कच्या दोषाची मुख्य खूण अशी की धक्क्यांची लय चाकाच्या फेऱ्यांशी जुळते. १७ इंची रिमच्या टायरचा परीघ सुमारे १.८५ मीटर असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने ते चाक सेकंदाला सुमारे ९ फेऱ्या घेते, तर ताशी ३० किलोमीटर वेगाने सुमारे साडेचार. म्हणून वेग उतरत जाईल तशी धक्क्यांची लयही मंदावते.

ब्रेक न लावताही हँडल थरथरत असेल, तर टायर, रिम किंवा चाकाचे संतुलन तपासावे लागते. ब्रेक लावताच एकदाच ‘खट्’ असा आवाज येत असेल, तर हँडलचे बेअरिंग सैल असण्याची शक्यता अधिक असते. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. एबीएसमुळेही लिव्हर थरथरतो. परंतु ते चाक घसरण्याच्या बेतात असतानाच होते. हलक्या ब्रेकमध्ये जाणवणारी लय एबीएसची नसते.

तपासणीची पद्धत

पुढील चाक जमिनीपासून उचलून वाहन स्थिर केले जाते. प्रथम चाक हाताने आडवे हलवून बेअरिंगमधील ढिलाई पाहतात, कारण ती असेपर्यंत पुढील कोणतेही मोजमाप विश्वसनीय ठरत नाही. त्यानंतर कॅलिपर पिनांवर मोकळा सरकतो का, हे तपासले जाते.

डोलणे मोजण्यासाठी डायल गेज फोर्कच्या नळीला घट्ट बसवून त्याचे टोक डिस्कच्या घर्षणपृष्ठावर, बाहेरील कडेपासून थोडे आत, काटकोनात टेकवतात. चाक सावकाश एक पूर्ण फेरी फिरवून सर्वाधिक व सर्वांत कमी वाचनातील फरक घेतात. ही मर्यादा निर्मात्यानुसार व प्रतिकृतीनुसार बदलते. ती बहुधा ०.१ ते ०.३ मिमीच्या दरम्यान असते. नेमका आकडा त्या वाहनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेतूनच घ्यावा लागतो.

जाडी मायक्रोमीटरने समान अंतरावरील सहा ते आठ ठिकाणी मोजतात. येथे मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरकही लिव्हरवर जाणवू शकतो. किमान जाडी सामान्यतः डिस्कवरच कोरलेली असते.

डोलणे मर्यादेबाहेर आढळल्यास दोष डिस्कचा की हबचा, हे ठरवणे शिल्लक राहते. सर्वाधिक वाचनाची जागा डिस्क व हब या दोहोंवर खुणेने दाखवून डिस्क काढतात, बैठक स्वच्छ करतात आणि एक बोल्ट-छिद्र पुढे फिरवून डिस्क पुन्हा बसवतात. डोलणे नाहीसे झाले, तर कारण बैठकीवरील मळ किंवा बोल्टांचा ताण हे होते. सर्वाधिक वाचन डिस्कवरील खुणेबरोबर सरकले, तर डिस्क वाकलेली आहे. ते हबवरील खुणेपाशीच राहिले, तर दोष हबचा असून नवी डिस्कही तशीच डोलेल.

उपाय

पॅडचा थर चिकटलेला असल्यास डिस्क बारीक पॉलिश कागदाने समान घासून ब्रेक क्लीनरने पुसतात, आवश्यकतेनुसार पॅड बदलतात. मोटारसायकलची डिस्क मुळातच पातळ असल्याने ती लेथवर कातणे सामान्यतः टाळले जाते. हातोडीने ठोकून सरळ करणे धोक्याचे असते. वाकलेली अथवा किमान जाडीखाली गेलेली डिस्क बदलावी लागते. नवी डिस्क बसवताना बैठक स्वच्छ करून बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने व टॉर्क पान्याने आवळतात. चाक उतरवल्यानंतर पॅड पुन्हा डिस्कला भिडेपर्यंत वाहन न हलवता लिव्हर दाबावा लागतो. अन्यथा पहिल्या दाबास ब्रेक लागत नाही. सुरुवातीच्या प्रवासात मोकळ्या रस्त्यावर हलके, वारंवार ब्रेक लावल्यास पॅड व डिस्क यांची पृष्ठे एकमेकांशी जुळतात. अखेरीस डायल गेजचे वाचन पुन्हा घेऊन दुरुस्तीची खात्री केली जाते.