तीनशे अंशांचा निळा

जुने किमती घड्याळ उघडले, की पितळी पट्ट्यांवर गडद निळे स्क्रू दिसतात. त्यांना ना रंग दिलेला असतो, ना मुलामा. पोलाद हवेत तापले की त्यावर लोखंडाच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि साबणाच्या फुग्यावर उमटावेत तसे रंग उमटू लागतात. २२० ते २३० अंश सेल्सिअसला फिका गवती, मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा आणि ३०० च्या सुमारास तो देखणा निळा. त्यापुढे गेले की निळा फिकटतो, राखाडी होतो.

शोभा हा या निळ्याचा एक भाग झाला. खरे काम वेगळे आहे. लालबुंद करून तेलात विझवलेला स्क्रू कठीण होतो, पण ठिसूळही. पेचकस जरा जोरात फिरला तर माथाच तुटायचा. ३०० अंशांपर्यंत पुन्हा तापवले की ठिसूळपणा बराच उतरतो, तरी खाच सहसा फाकणार नाही इतका कणखरपणा उरतो. तापमापक नसलेल्या कारागिराला योग्य क्षण सांगायचा तो हा रंगच.

असा स्क्रू मिळवणे मात्र सोपे नाही. जुन्या घड्याळांत ज्याचे त्याचे आटे. एकाचा स्क्रू दुसऱ्याला लागेल याची खात्री नाही. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ मार्क थ्युरी यांनी १८७८ साली आट्यांची सुसूत्र पद्धत मांडली आणि तिच्याच आधारे ब्रिटिश असोसिएशनने १८८४ मध्ये ‘बीए’ मापे ठरवली. शून्य नंबरचा स्क्रू ६ मिलीमीटर जाड, दोन आट्यांतले अंतर १ मिलीमीटर. पुढच्या प्रत्येक नंबराला हे अंतर आधीच्या ०.९ पट. असे करत २५ नंबरचा स्क्रू जेमतेम पाव मिलीमीटर जाडीचा होतो! इंग्लंडमधले हौशी घड्याळकार आजही ही मापे वापरतात.

माप जुळले तरी धातू जुळायला हवा. बाजारातल्या स्क्रूवर बहुधा जस्ताचा मुलामा असतो, आणि तो आहे तोवर खालच्या लोखंडाला रंग धरत नाही. स्टेनलेस तर ३०० अंशांना गवती रंगापुढे फारसे जातच नाही. शिवाय नुसते सौम्य लोखंड निळे होईल, पण कठीण होणार नाही. म्हणून जाणकार सुमारे १ टक्का कार्बन असलेल्या पोलादी सळईतून लेथवर स्क्रू स्वतःच काढतात.

त्यानंतरचे काम सगळे नजरेचे. माथा आरशासारखा घासायचा आणि तेलाचा अंशही राहू नये असा धुवायचा. बोट लागले तर तिथे डाग उठतो, म्हणून चिमट्यानेच धरायचा. भोके पाडलेल्या पितळी पत्र्यात किंवा पितळेच्या किसात तो उभा करतात आणि खाली स्पिरिटचा दिवा ठेवतात. पितळेमुळे उष्णता सगळीकडून सारखी पोहोचते, नाहीतर बारीक दांडा आधी तापून माथा मागे राहतो. जांभळ्यातून निळा फुटताना फार वेळ मिळत नाही. स्क्रू किंचित आधीच उचलावा लागतो, कारण आतली ऊब रंग आणखी थोडा पुढे ढकलते.

रंग चुकला तर थर घासून काढायचा आणि पुन्हा तापवायचे. तापमान तेच राहिले, तर पोलाद आणखी मऊ पडण्याची फारशी भीती नसते. दुरुस्तीला आलेल्या घड्याळातल्या स्क्रूची खरवडलेली खाच नीट करून त्याला नवा निळा चढवता येतो, तो याच गुणामुळे.