एमआरआय नॉर्मल, म्हणून आजार नाही?

विदर्भात मेंदूज्वर म्हटलं की विषाणू आठवतो. साहजिकच आहे, चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये पहिल्यांदा सापडला तो नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यातच. पण विषाणू नसतानाही, शरीरातल्या प्रतिपिंडांनी आपल्याच मेंदूवर हल्ला केला तर मेंदूला सूज येते.

चांगली धडधाकट मुलगी आठवड्याभरात झोपेनाशी होते, असंबद्ध बोलते, तोंड वेडंवाकडं करते, मग झटके येतात. गावात म्हणतात, ‘बाहेरचं आहे.’ एमआरआय नॉर्मल आला की शहाणे म्हणतात, ‘नाटक करते.’ दोन्ही चूक.

जोसेप डालमाऊ यांनी २००७ मध्ये अशाच १२ स्त्रियांच्या आजाराचं मूळ शोधलं. बहुतेकींच्या अंडाशयात टेराटोमाची गाठ होती. त्यांच्या शरीरात तयार झालेले प्रतिपिंड मेंदूपेशींवरचे एनएमडीए रिसेप्टर निकामी करत होते. पुढे २०१३ मध्ये ५७७ रुग्णांचा अभ्यास झाला. एमआरआयमध्ये दोष दिसला तो जेमतेम एकतृतीयांश जणांत. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, मात्र दहातल्या नऊ जणांचा बिघडलेला होता. म्हणून ईईजी, पाठीतलं पाणी काढून प्रतिपिंडांची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी महत्त्वाची. स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन वेळेत मिळालं, गाठ काढली, तर बहुतेक रुग्ण सावरतात.

एमआरआय नॉर्मल येण्याच्या दुसऱ्या बाजूला आहे फंक्शनल विकार. यात मेंदूला सूज किंवा इजा नसते, त्याचं कामकाज बिघडलेलं असतं. रुग्ण सोंग करत नाही. हे निदानही ‘बाकी काही सापडलं नाही’ म्हणून करायचं नसतं. त्याच्या स्वतःच्या खुणा असतात. चार्ल्स हूव्हर यांनी १९०८ मध्ये सांगितलेली खूण घ्या. लुळा पाय सांगूनही खाली दाबता येत नाही. पण चांगला पाय जोर लावून वर उचलायला लावला, की त्याच लुळ्या पायाची टाच आपसूक गादीत रुतते. या तपासणीला यंत्र लागत नाही. इथे फिजिओथेरपी आणि समुपदेशन उपयोगी पडतं. स्टिरॉइडचा फायदा नाही, अपाय मात्र होऊ शकतो.

वर्ध्यात सेवाग्राम आणि सावंगीला वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे जाताना झटक्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ सोबत न्या. लक्षणं कधी, कोणत्या क्रमानं आली ते लिहून न्या. वागणं काही दिवसांत पालटलं आणि सोबत ताप, झटके किंवा विसर असेल, तर मांत्रिकाच्या फेऱ्यांत एक आठवडाही घालवू नका.