मेंढा-लेखा: सल्ला बाहेरचा, निर्णय गावाचा

संस्था आणि गाव एकत्र काम करतात तेव्हा अंतिम शब्द कुणाचा? गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गोंड आदिवासी गावाने याचे उत्तर कामाच्या पद्धतीतच घालून ठेवले आहे. ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल गावकऱ्यांसोबत अभ्यासगटात बसत. कायदा, जंगल, बांबू यांवर तिथे मोकळी चर्चा होई. निर्णय मात्र ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. हात वर करून बहुमताने प्रश्न मिटवायचा नाही. मतभेद उरला तर विषय पुन्हा चर्चेला घ्यायचा. यात वेळ जातो, हे खरे. पण ज्याचे जगणे त्या जंगलावर आहे त्याचा नकार मोजलाच जात नसेल, तर अशा एकत्र कामाला भागीदारी कशी म्हणायची? याच पद्धतीने चालणाऱ्या या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागे, आणि तो देणे वनखात्याच्या हाती होते. त्यासाठी आणखी झगडावे लागले. एप्रिल २०११ मध्ये परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.